चार अबोले

७ ऑक्टोबर २०००, शनिवार

जासिम साहेबांनी आज सकाळी बोलावून घेतलं आणि अल रय्यानच्या नव्या आरोग्य केंद्राच्या टेंडरचा सेक्रेटरी मला केलं. साहेब इथे दोह्यात आमच्या सरकारी खात्याच्या बांधकाम विभागाचे प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे ते रागावले आहेत की नाही हे मला पाच वर्षांत कळलेलं नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या टेंडरला आलेल्या सगळ्या कंपन्या आधी कुठेतरी एकत्र बसून ठरवून आल्या होत्या, असं साहेबांचं म्हणणं. काम कुणी घ्यायचं आणि बाकीच्यांनी किती वाढवून भाव भरायचे, सगळं ठरलेलं. ते होऊ शकलं, कारण प्रत्येकाला माहीत होतं की दुसरा कोण आहे. म्हणून या वेळी भाव भरणाऱ्यांची नावं बाहेर जाता कामा नयेत. कंपन्यांना एकमेकांचीही कळता कामा नयेत. समोर कोण आहे हे ज्याला माहीत नसतं, तो खरा भाव भरतो.

नावं दोघांनाच माहीत असणार: साहेबांना आणि मला.

"तू कमी बोलतोस," साहेब म्हणाले, "म्हणून तुला निवडलं."

मला बरं वाटलं. घरी येऊन नयनाला सांगितलं तर तिने विचारलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं होतं आणि चुकून तू गेलास, असं तर नाही ना?

आता कुणाशीच मोकळं बोलता येणार नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. कंपन्यांची नावं इथेही लिहिणार नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

व्यवस्था लावली. टेंडरचे कागद न्यायला प्रत्येक कंपनीला वेगळी वेळ. जागा पाहायलाही वेगवेगळ्या दिवशी. एकाने शंका विचारली तर उत्तर सगळ्यांना, पण विचारणाऱ्याचं नाव खोडून. लिफाफ्यांच्या पेटीला दोन कुलपं, एक किल्ली साहेबांकडे आणि एक माझ्याकडे. साहेबांनी वाचून मान हलवली.

घरातही नियम केला. टेंडर संपेपर्यंत घरात त्याबद्दल एक शब्द नाही. मी बोलणार नाही आणि दुसऱ्या कुणी बोललेलं ऐकणारही नाही. ऐकणंसुद्धा धोक्याचं असतं, कारण ऐकताना माणसाचा चेहरा बदलतो. ओवीने मराठी कळत असूनही "ओके, बाबा" म्हटलं. नयनाने विचारलं, भाजी काय करू हे बोललेलं चालेल का?

१४ ऑक्टोबर, शनिवार

चार कंपन्यांनी कागद नेले. त्यातल्या एकीत हॅरी आहे.

हॅरी वसईचा. आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. या अल हिलाल भागात आम्ही दोघं एकाच महिन्यात राहायला आलो. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी, असे गेली सहा वर्षं ऑफिसला जातो. शुक्रवारी त्यांच्याकडे मासे. तो त्याच्या कंपनीत चीफ एस्टिमेटर आहे, म्हणजे भाव तोच काढणार. त्याची बायको रीटा अल रय्यानच्या सध्याच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. ते केंद्र पोर्टाकॅबिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत आहे. नवं व्हावं म्हणून ती आमच्या खात्याच्या नावाने दर उन्हाळ्यात बोटं मोडते, आणि त्या वेळी माझ्याकडे बघते.

संध्याकाळी जिन्यात गाठून मी हॅरीला सांगितलं, उद्यापासून मी माझा एकटा जाईन. त्याने विचारलं, काही झालं का? मी म्हटलं, काही नाही. त्याने हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली. मग "बरं" म्हणाला आणि वर गेला.

त्याला काही कळलं असेल असं वाटत नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

दुसऱ्या कंपनीत रहमान आहे. रत्नागिरीचा. आम्ही सकाळी समुद्राकाठच्या कॉर्निशवर एकत्र चालतो. आजपासून मी उलट्या दिशेने चालायला सुरुवात केली. अडचण अशी झाली की उलट्या दिशेने चालल्यामुळे तो मला समोरूनच भेटला, तोही दोनदा. मी समुद्राकडे बघितलं.

तिसऱ्या कंपनीत अंजना आहे. ती नाशिकची. तिची मुलगी आणि ओवी एकाच वर्गात, आणि सकाळी दोघींना शाळेत अंजनाच सोडते. नयनाला सांगितलं की ओवीला आता मी सोडेन. ओवी म्हणाली, "बट व्हाय, बाबा? अंजना आंटी इज नाइस." मी म्हटलं, म्हणूनच.

चौथ्या कंपनीत माझ्या ओळखीचं कुणी नाही. तिचा मॅनेजर एक उंच ग्रीक आहे, फक्त चेहरा माहीत आहे. निदान एक तरी सोपी.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

माशांशिवाय पहिला शुक्रवार. दुपारी रीटाने खाली एक झाकलेलं भांडं पाठवलं. मी नयनाला म्हटलं, तसंच परत कर. मी आंघोळीला गेलो. बाहेर येऊन विचारलं, केलंस का परत? ती म्हणाली, केलं. मी विचारलं, आणि मासे? ती म्हणाली, भांडं परत केलं.

मी वरण-भात खाल्ला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. हॉलमध्ये तिघंही होती: हॅरी डाव्या बाजूला, अंजना समोर गाणाऱ्यांत, रहमान दाराशी. बसायला जागा शोधणं अवघड गेलं. शेवटी खांबामागे बसलो.

तिथे पोपटराव आले. पोपटराव साताऱ्याकडचे, रेडीमिक्स काँक्रीटचा धंदा. दोह्यात कुणीही काहीही बांधलं तरी त्यांचा मिक्सर तिथे उभा असतो. माणूस गप्पिष्ट. त्यांनी विचारलं, हॅरी आज तुमच्या संगं न्हाई बसला? मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने म्हणाले, अंजनाताईंचं गाणं झालं, तुम्ही टाळ्या न्हाई वाजवल्या. मी गप्प. मग म्हणाले, रहमानभाई तिकडं उभा हाय, हाक मारू का? मी गप्पच. मग त्यांनी काळ्यांबद्दल विचारलं. काळे दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत आहेत, तिने कागद नेलेले नाहीत. मी म्हटलं, काळे आत्ताच भेटले, पाठ धरली आहे बिचाऱ्यांची, बराच वेळ बोललो. मग त्यांनी आणखी दोन-तीन कंपन्यांमधल्या माणसांची विचारपूस केली आणि मी त्या सगळ्यांची खुशाली सांगितली, म्हणजे माझं गप्प राहणं उठून दिसू नये.

टेंडरचा विषय त्यांनी काढलाही नाही. जाताना स्वतःच्या बशीतल्या दोन चकल्या माझ्या बशीत ठेवल्या. मी त्या परत केल्या. नियम म्हणजे नियम. ते हसले. मोकळ्या मनाचा माणूस आहे.

गाडीत नयना म्हणाली, पोपटराव तुला काय विचारत होते? मी म्हटलं, काही नाही, लोकांची चौकशी. आणि तू काय सांगितलंस? मी म्हटलं, अवाक्षर नाही.

ती घरी येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

सुपरमार्केटमध्ये अचानक तो ग्रीक मॅनेजर समोर आला. मला तो ओळखतही नसेल, पण धोका कशाला? मी पटकन पावांच्या रॅकमागे गेलो. तिथून पाहिलं तर पोपटराव भाजीपाशी उभे. त्यांनी विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, मीठ. त्यांनी पावांकडे पाहिलं, मग त्या ग्रीकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, मीठ तिकडं हाय साहेब, तांदळापाशी.

मीठ घरात होतं, तरी आणखी एक पुडा आणावा लागला.

८ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना नयना म्हणाली, "रीटा सांगत होती, पोपटरावांनी हॅरीला हॉटेलात कॉफीला बोलावलंय, आणि..."

मी हात वर केला. ती थांबली. मी शांतपणे समजावलं की हॅरी हा विषयच सध्या वर्ज्य आहे. ती म्हणाली, मी हॅरीबद्दल नाही, पोपटरावांबद्दल सांगतेय. मी म्हटलं, वाक्यात हॅरी होता.

१३ नोव्हेंबर, सोमवार

आज हॅरीच्या कंपनीचा जागा पाहण्याचा दिवस. नव्या केंद्राची जागा जुन्या केंद्राला लागूनच आहे. मी आधीच जाऊन उभा होतो. हॅरी एका फोरमनला घेऊन आला. आम्ही हात मिळवला नाही. त्याने मला इंग्रजीत विचारलं, मालक (म्हणजे आमचं खातं) कृपया खुलासा करतील काय, की खोदाईत खडक लागला तर तो कोणत्या दराने धरायचा? मी इंग्रजीत सांगितलं की मालक लेखी खुलासा करतील. त्याने "थँक यू, सर" म्हटलं. सहा वर्षांत त्याने मला प्रथमच सर म्हटलं. ते त्याला किती सहज जमलं याचं जरा नवल वाटलं.

पोर्टाकॅबिनच्या पायऱ्यांवर बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या, आत जागा नव्हती म्हणून. एसीचं पाणी एका बादलीत गळत होतं. रीटा बादली बदलायला बाहेर आली. तिने आम्हा दोघांना पाहिलं, एकमेकांपासून सहा हात लांब, दोघंही जमिनीकडे बघत. भरलेली बादली तिने आमच्या बाजूला, जरा जोरातच, ओतली.

१९ नोव्हेंबर, रविवार

नयना म्हणाली, श्याम, एकदा ऐकून घे. मी म्हटलं, शनिवारी लिफाफे उघडणार, त्यानंतर हवं ते सांग. ती म्हणाली, शनिवारनंतर सांगण्यात काही अर्थ नाही. मी म्हटलं, मग सांगण्यासारखं नसेलच काही.

आज ती ओवीच्या खोलीत झोपली. ओवीला सर्दी आहे, असं म्हणाली. मला ओवी ठीक वाटली.

२५ नोव्हेंबर, शनिवार

पेटी समितीसमोर उघडली. दोन्ही कुलपं शाबूत, चारही लिफाफ्यांचं लाखेचं सील जसंच्या तसं.

साहेबांनी भाव मोठ्याने वाचले. रहमानच्या, अंजनाच्या आणि त्या ग्रीकाच्या कंपनीचे भाव आमच्या अंदाजापेक्षा खूपच वर, आणि एकमेकांना अगदी लागून. हॅरीच्या कंपनीचा भाव बराच खाली, आमच्या अंदाजाला धरून. नियमाप्रमाणे नावं आणि आकडे बाहेरच्या फलकावर लावले.

साहेब बराच वेळ फलकासमोर उभे होते. मी म्हटलं, गुप्तता शेवटपर्यंत पाळली गेली, सर. ते म्हणाले, "तिघांना एकच स्वप्न पडलेलं दिसतं." मी म्हटलं, बाजारभाव एकच असतो, सर.

आता हॅरीशी बोलायला हरकत नाही, असं मनात आलं. पण काम अजून दिलेलं नाही. थांबलेलं बरं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

रमजान सुरू झाला. ऑफिस लवकर सुटतं.

या आठवड्यात त्या तीन कंपन्यांचे मॅनेजर वेगवेगळ्या दिवशी साहेबांना भेटून गेले. तक्रार एकच. सगळ्यात कमी भाव भरणाऱ्या कंपनीचा एस्टिमेटर टेंडर सेक्रेटरीच्या डोक्यावर राहतो, दोघं एका गाडीतून फिरतात, खात्याचा अंदाज त्याला घरबसल्या मिळाला. तिघांनीही सुरुवातीला "अत्यंत जड अंतःकरणाने" असं म्हटलं. मी साहेबांना म्हणालो, निदान तिघांनाही वाईट वाटतंय.

मला काळजी वाटत नाही. माझी बाजू एकदम स्वच्छ आहे. रात्री झोप मात्र लागत नाही, कदाचित जेवणाच्या वेळा बदलल्यामुळे. आमच्या जेवणाच्या वेळा तशा बदललेल्या नाहीत.

५ डिसेंबर, मंगळवार

साहेबांनी चौकशीला बोलावलं. दार लावून घेतलं. ते आणि मी, तिसरं कुणी नाही. रोज्यांचे दिवस, त्यामुळे टेबलावर चहासुद्धा नव्हता की ज्याच्याकडे बघत बसावं.

त्यांनी विचारलं, हॅरी तुझा मित्र आहे का? मी म्हटलं, हो. त्याच्याशी शेवटचं कधी बोललास? मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. सांगितलं की त्याने कागद नेले त्या दिवसापासून एकदाही नाही, जागा पाहण्याचा दिवस सोडून, आणि तेही लेखी खुलाशापुरतं. गाडी वेगळी केली. जेवण बंद केलं. हवं तर कुणालाही विचारा.

"कुणाला विचारू?" साहेब म्हणाले.

"आमच्या इमारतीत विचारा, मंडळात विचारा, ओवीच्या शाळेत विचारा. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे," साहेब म्हणाले. मग जरा थांबून, "आणखी कुणाशी बोलणं बंद केलंस?"

"रहमानशी. अंजनाशी. आणि त्या ग्रीकाशी आधीही बोलत नव्हतो, फक्त दिसला की आडोशाला जायचो."

"आणि बाकी लोकांशी?"

"नेहमीसारखा बोलत होतो, सर. कुणाला संशय येऊ नये म्हणून."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"श्याम, तू आत्ता एकाही कंपनीचं नाव घेतलं नाहीस. तरी मला चारही कळल्या."

मी म्हणणार होतो की सर, तुम्हाला त्या आधीपासूनच माहीत आहेत. समोर भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्याकडे बघत होतो. खांबामागची ती जागा आठवली. काळ्यांची पाठ आठवली. पावांचा रॅक आठवला.

साहेब म्हणाले, जा घरी. उपाशी माणसाने उपाशी माणसाला फार बोलू नये. मी उपाशी नव्हतो, पण ते सांगितलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

नयनाला म्हटलं, सांग.

तिने सगळं सांगितलं. दिवाळीच्या कार्यक्रमातच पोपटरावांनी चहाच्या टेबलापाशी चार-पाच जणांसमोर म्हटलं होतं की श्यामसाहेब ज्यांच्याशी बोलत न्हाईत ते टेंडरात. तीन तिथेच कळल्या. चौथी कळायला त्यांना सुपरमार्केटची वाट बघावी लागली. मग त्यांनी चौघांना हॉटेलात कॉफीला बोलावलं. काम कुणीही घ्या, भाव नीट ठरवा, काँक्रीट आमचं. तीन कंपन्यांचे साहेब गेले. हॅरी गेला नाही. त्याचा साहेब सुट्टीवर बैरूतला होता, त्याने फोन करून सांगितलं की जा. हॅरी म्हणाला, गेलो तर भावाच्या कागदावर सही दुसऱ्या कुणाची घ्या. आणि रीटाला म्हणाला, यातलं श्यामपर्यंत काही पोचवू नकोस, तो अडचणीत येईल. रीटाने नयनाला सांगितलं, कारण रीटाला वाटलं की श्याम अडचणीत आहेच.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

नयना उठली आणि तिने कुकर लावला.

६ डिसेंबर, बुधवार

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. पोपटराव, हॉटेल, कॉफी, सगळं. माझं खांबामागे बसणंही. नयनाचं नाव सांगितलं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हे तुला कधीपासून कळू शकलं असतं? मी म्हटलं, नोव्हेंबरच्या आठ तारखेपासून. मग का नाही कळलं? मी म्हटलं, मी ऐकत नव्हतो.

ऑफिसातून येताना कॉर्निशवर गाडी लावली. वारा होता. मासेमारीची लाकडी होडकी बांधून ठेवलेली. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मग घरी आलो.

११ डिसेंबर, सोमवार

निर्णय झाला. टेंडर रद्द. पुढच्या वर्षी नव्याने काढणार. पोपटरावांचं काँक्रीट खात्याच्या कामावर यापुढे चालणार नाही. त्या तीन कंपन्यांना ताकीद, कारण हॉटेलात कॉफी पिणं सिद्ध करता येतं, बोलणं येत नाही.

मी साहेबांना विचारलं, हॅरीच्या कंपनीने तर खरा भाव भरला होता, तिलाच काम का देत नाही? साहेब म्हणाले, तुझ्या घराखाली राहणाऱ्या माणसाला मी काम दिलं तर उद्या कोण खरा भाव भरेल? मी म्हटलं, तो वर राहतो, सर. ते म्हणाले, तेच ते.

म्हणजे हॅरीने खरेपणाने काढलेला भाव फलकावर लागला, सगळ्या दोह्याने वाचला, आणि काम कुणालाच मिळालं नाही. पुढच्या वेळी त्याचा आकडा सगळ्यांना पाठ असणार.

आरोग्य केंद्र आणखी एक उन्हाळा पोर्टाकॅबिनमध्ये.

मला टेंडरमधून काढून देखभाल विभागात टाकलं. पगार तोच. पहिलं काम: अल रय्यानच्या पोर्टाकॅबिनचे एसी.

१८ डिसेंबर, सोमवार

हॅरीचा साहेब बैरूतहून आला. हॅरीला नोकरीवरून काढलं नाही, दोह्यापासून लांब, मेसईदच्या साइटवर टाकलं. तिथे कंपनीच्या खोल्या आहेत, गुरुवारी संध्याकाळी बस दोह्याला येते. रीटाची नोकरी इथली, त्यांच्या मुलाची, एरिकची शाळा इथली, त्यामुळे ती दोघं वरच राहणार. एरिक बारावीला आहे. इतके दिवस मला ते आठवलंच नव्हतं.

आज हॅरी सामान गाडीत भरत होता. मी खाली उतरलो. एक बॅग उचलून दिली. त्याने "थँक्स" म्हटलं. सर म्हटलं नाही.

२५ डिसेंबर, सोमवार

नयना, ओवी आणि मी वर गेलो. शेवटचा वर गेलो त्याला अडीच महिने झाले. हॅरीला सुट्टी मिळाली नव्हती. रीटाने दार उघडलं, नयनाला मिठी मारली, ओवीच्या हातात केकची बशी दिली. मला म्हणाली, ये.

मी म्हटलं, नवे एसी पुढच्या महिन्यात बसवतोय. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, चारही खोल्यांत. ती म्हणाली, खोल्या पाच आहेत. मी म्हटलं, पाचव्यासाठी लिहितो.

ती बराच वेळ स्वयंपाकघरात होती. मग बाहेर येऊन माझ्यासमोर बसली.

"दोन महिने तो रोज सकाळी गॅलरीत उभा राहायचा," ती म्हणाली. "तुझी गाडी गेली की मग खाली उतरायचा. लिफ्टमध्ये तुला तोंड चुकवायला लागू नये म्हणून. रोज उशीर व्हायचा त्याला."

मी केकचा तुकडा तोंडात टाकला. केक चांगला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण होता.

३ जानेवारी २००१, बुधवार

टेंडरला नवी सेक्रेटरी आली. ॲलिसन, आयर्लंडची. ती सगळ्यांशी बोलते. कंत्राटदारांना त्यांच्या मुलांची नावं विचारते, आपल्या मांजराच्या ऑपरेशनबद्दल सांगते, दिसेल त्याच्याबरोबर जिन्यात उभी राहते. मी साहेबांना विचारलं, हे चालेल का? साहेब म्हणाले, आज सकाळपासून ती अकरा कंपन्यांच्या माणसांशी बोलली. सांग बघू, त्यातले कोण कोण भाव भरणार आहेत?

मी विचार केला. सांगता आलं नाही.

आज कॉर्निशवर रहमान भेटला. मी थांबलो. तोही थांबला. त्याच्या साहेबाने हॉटेलात काय केलं त्यात त्याचा हात नव्हता, असं तो म्हणाला. मी म्हटलं, माझाच होता. मग आम्ही एकाच दिशेने चाललो.

१२ जानेवारी, शुक्रवार

या गुरुवारी हॅरी आला नाही, साइटवर काँक्रीट चालू होतं. म्हणून मीच मेसईदला गेलो. नयनाने मीही येते म्हटलं, मग म्हणाली, नको, तूच जा.

कारखान्यांच्या मागे कंपनीच्या खोल्यांच्या रांगा. चिमण्यांवर ज्वाळा दिवसाही दिसतात. हॅरी बनियनवर होता, स्टोव्हवर मासे तळत होता. त्याने मला पाहिलं, म्हणाला, दार लाव, माशा येतात.

मी माफी मागायला सुरुवात केली. वाक्य पाठ करून गेलो होतो. तो म्हणाला, "थांब जरा, हा तुकडा उलटव, करपेल." मी उलटवला. परत सुरुवात केली, तर त्याने दुसरा तुकडा दाखवला. मग मी नुसतेच मासे उलटवले.

जेवताना मी विचारलं, गाडीचं सांगितलं तेव्हाच तुला कळलं होतं का?

"तेव्हाच," तो म्हणाला. "आणि बरंच वाटलं मला. म्हटलं, आता साहेब मला विचारणार नाही, श्यामकडून काय कळलं. मग चार दिवसांनी रहमानचा फोन आला. म्हणाला, हॅरी, श्याम तुझ्याशीपण बोलत नाही का रे?"

मी ताटाकडे बघत होतो.

"मी त्याला काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, कालच आम्ही जेवलो एकत्र. पापलेट होतं." त्याने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "पण तोवर अंजनाने सगळ्यांना सांगितलं होतं, की तू पोरीला स्वतः शाळेत सोडतोस."

मी त्याला विचारलं, तू खात्याला का नाही कळवलंस? तो म्हणाला, हातात पुरावा काय, कॉफी? मी विचारलं, मग निदान कॉफीला जायचं तरी होतं, नोकरी राहिली असती दोह्यात. त्याने माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. मग म्हणाला, रीटा रोज घरी येऊन बादलीचं सांगायची.

ऊन उतरेपर्यंत आम्ही बोलत बसलो. एरिकला इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवायचं की बंगलोरला. वसईचं घर भाड्याने दिलं त्यात भाडेकरूने कुत्रा पाळलाय. साइटवरचा क्रेन ड्रायव्हर केरळचा, मराठी सिरियल बघतो. मी एसीचं सांगितलं, पाचव्याची मंजुरी आली तेही सांगितलं. तो खूश झाला. निघताना मी सहज विचारलं, आता मी टेंडरमध्ये नाही, म्हणून विचारतो, तुमची कंपनी नव्या टेंडरला भाव भरणार आहे का? तो म्हणाला, त्यावरून आठवलं, आणि वाळूचे दर, साइटवरचा वारा, त्याच्या साहेबाचा नवा सूट, असं बरंच काही सांगत गाडीपर्यंत सोडायला आला. खिडकीतून हात घालून माझ्या खांद्यावर थोपटलं. पुढच्या शुक्रवारी सुरमई, म्हणाला.

घरी आल्यावर नयनाने विचारलं, कसा आहे? मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, भरणार आहेत का ते पुन्हा?

मी बराच वेळ आठवून बघितलं. दुपारभर तो बोलत होता, एकदाही थांबला नव्हता.

मी म्हटलं, कळलं नाही.